गाडीचं दार बटणाने उघडतं, पण बॅटरीच संपली तर?

आमच्या अंजूरला लग्नसराईत हल्ली अशाही गाड्या येतात की ज्यांना बाहेरून हँडलच दिसत नाही. चावी खिशात घेऊन जवळ गेलं की हँडल आपोआप बाहेर येतं. महिंद्राने 2021 मध्ये एक्सयूव्ही700 ला असं हँडल दिलं, मग 2024 मध्ये बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई आल्या. दिसायला भारीच आहे, प्रश्न आहे तो दार उघडण्याचा.

जुन्या गाडीत हँडल ओढलं की आतली तार लॅच खेचते, विजेचा संबंध नाही. काही नव्या गाड्यांत मात्र बटण फक्त निरोप पाठवतं, लॅच उघडते मोटर. ती मोटर मोठ्या बॅटरीवर नाही, तर बहुतेक गाड्यांत 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालते. म्हणजे गाडी 80 टक्के चार्ज असली आणि छोटी बॅटरी बसली, तरी दार बंद! अपघातात तिची वायर तुटली तरी तेच.

15 जुलै 2025 ला मुंबईत बीकेसीमध्ये टेस्लाचं शोरूम उघडलं आणि तिथे मॉडेल वाय आली. त्यानंतर दोनच महिन्यांत अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा विभागाने 2021 च्या मॉडेल वायच्या हँडलची चौकशी सुरू केली, सुमारे 1 लाख 74 हजार गाड्यांची. तक्रारी काय होत्या? आईवडील खाली उतरले, मूल आत राहिलं आणि बाहेरचं हँडल चालेना. चार जणांना काच फोडावी लागली. आत हाताने उघडायची सोय असते हो, पण सीटवर बांधलेलं लहान मूल ती कशी वापरणार? चीनने तर 2027 पासून नव्या गाड्यांना हाताने उघडणारं हँडल सक्तीचं केलंय. मला हे पटतं.

आपल्याकडे पावसाळा वेगळाच. भिवंडीत पाणी भरतं तेव्हा गाडी बंद पडली, तर आधी काच खाली करा. पाणी चढलं की बाहेरच्या दाबाने साधं दारही उघडत नाही, आणि वायरिंगमध्ये पाणी शिरलं की काचही हलेल याचा भरवसा नाही.

अशा गाडीत बसलात, मित्राची असली तरी, हाताने उघडायचा लिव्हर कुठे आहे ते विचारा. पुढे तो सहसा सापडतो. मागे शोधावा लागतो, मॉडेल वायमध्ये तर दाराच्या कप्प्यातल्या मॅटखाली आहे! फोन हीच चावी असेल तर कार्ड किंवा रिमोटही जवळ ठेवा, फोन कधी मान टाकेल सांगता येत नाही. काच फोडायचा हातोडा घेण्याआधी काचेचा कोपरा वाचा. ‘टेम्पर्ड’ लिहिलं असेल तर ती फुटून मोकळी होते, ‘लॅमिनेटेड’ असेल तर नुसते तडे जातात.