मायक्रोफोनमध्ये घुसलेला ड्रम

वाद्यवृंदात व्हायोलिनच्या शेजारी ड्रम असला, की मोठी पंचाईत होते. व्हायोलिन ऐकू येईना म्हणून त्याच्या मायक्रोफोनचा आवाज वाढवावा, तर त्यातून ड्रमच अधिक घणघणतो! मायक्रोफोनला निवड करता येत नाही. पडद्यावर पडेल त्या दाबाचा तो विद्युत्संकेत करतो.

मग काय करावे? तुम्ही मायक्रोफोन व्हायोलिनपासून ४० सेंटिमीटरवर होता तो १० वर आणलात, तर व्हायोलिनच्या ध्वनीचा दाब सुमारे चौपट होतो. दोन मीटरवरच्या ड्रमचा जवळजवळ तेवढाच राहतो.

अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने १९७४ साली गायकांसाठी याच तत्त्वाची नामी युक्ती केली. त्यांचे ध्वनिवर्धक गायकांच्या पाठीमागे भिंतीसारखे रचलेले असत. म्हणून प्रत्येकापुढे ६ सेंटिमीटर अंतराने, वर-खाली असे दोन मायक्रोफोन बसवले आणि एकाचा संकेत उलटा करून दुसऱ्यात मिळवला. भिंतीचा आवाज दोघांत जवळपास सारखा, म्हणून तो बराचसा कटला. ओठ वरच्यापाशीच, म्हणून गाणे उरले. ओठ मागे गेले, की गाणेही कटे! शिवाय १०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी ३.४ मीटर, तिच्यापुढे ६ सेंटिमीटर किरकोळच. पण ३००० हर्ट्‌झला ती जेमतेम ११ सेंटिमीटर. त्यामुळे उंच स्वर नीट कटत नाहीत.

व्हायोलिनला याहून सोपी सोय आहे. त्याच्या घोडीवर पीझो चकती बसवतात. ती हवेची नव्हे, लाकडाची कंपने टिपते. ड्रम जवळजवळ हद्दपार! मात्र पेटीतून हवेत फुलणारा गोडवाही थोडा हरवतो. तो परत मिळवायला काही वादक सोबत जवळचा मायक्रोफोनही ठेवतात, अगदी बारीक आवाजात.