दुकानाची पाटी आणि गांवाची भाषा

मनुष्याला जसें नांव, तशी दुकानाला पाटी. आंत काय मिळतें आणि व्यवहार कोणाशीं करावयाचा, हें ती न विचारतां सांगते. पुणें-नाशिक रस्त्यानें नारायणगांवांत येणाऱ्या प्रवाशाला गांवाची पहिली ओळख अशा पाट्यांवरूनच होते. बी-बियाण्यांचीं दुकानें, टोमॅटोच्या बाजारांतील आडतदारांच्या पेढ्या आणि पाडव्याच्या सुमारास लागणाऱ्या तमाशाच्या फडांच्या राहुट्या, ह्या सर्वांवर नांवें असतात. यात्रेची सुपारी देण्यास आलेला गांवकरी पाटी वाचूनच आपल्या मनांतला फड शोधून काढतो. म्हणून पाटीची भाषा कोणती असावी, हा प्रश्न एकट्या दुकानदाराचा राहत नाहीं. तो वाचणाऱ्याचाही होतो. ह्या प्रश्नाचा निकाल आपल्या राज्यांत कसा लागला आणि त्यांत कोणता भेद ध्यानांत ठेवावयास हवा, तें येथें सांगावयाचें आहे.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं भाषेच्या पायावर उभें राहिलें. दुकानाचें नांव मराठींत असावें हा नियम तसा जुनाच. परंतु त्यांत एक पळवाट होती. दुकानें व आस्थापना यांविषयीं २०१७ सालीं जो नवा कायदा झाला, तो मुख्यत्वें दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस लागू होता. त्यामुळें लहान दुकानें पाटीच्या नियमांतून सुटलीं. आणि खेड्यापाड्यांच्या बाजारपेठेंत तर बाप, लेक आणि एखादा नोकर एवढ्यांवरच पुष्कळ दुकानें चालतात. मार्च २०२२ मध्यें विधिमंडळानें ही उणीव दूर केली. आतां दुकान लहान असो वा मोठें, त्याचा नामफलक देवनागरी लिपींत मराठी भाषेंत असलाच पाहिजे. सोबत दुसऱ्या भाषेंतही नांव लिहितां येतें. मात्र मराठी अक्षरें आरंभीं असावींत आणि तीं इतर अक्षरांहून लहान नसावींत. मद्य विकणाऱ्या दुकानांस थोर स्त्रीपुरुषांचीं किंवा गडकिल्ल्यांचीं नांवें देण्यासही त्याच वेळीं मनाई झाली. शिवनेरीच्या परिसरांत राहणाऱ्या आपणांस तिचें कारण सांगावयास नको.

मराठी पाटीची ही सक्ती कांहीं व्यापाऱ्यांना रुचली नाहीं. आपल्या दुकानावर काय लिहावें हें ठरविण्याचा हक्क राज्यघटनेनें आपणांस दिला आहे, असें म्हणून त्यांच्या एका संघानें मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. फेब्रुवारी २०२२ मध्यें न्यायालयानें त्यांचा अर्ज फेटाळला आणि संघास २५,००० रुपये भरावयास लाविले. इतर कोणत्याही भाषेला बंदी नाहीं, आणि पाटी ही कामगार व ग्राहक यांच्या सोयीसाठीं असते, असा त्या निर्णयाचा आशय होता. प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेलें. २५ सप्टेंबर २०२३ रोजीं तेथेंही व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत मिळाली. दावे लढण्यापेक्षां तो पैसा पाट्यांवर खर्च करावा, असें न्यायमूर्तींनीं त्यांस सुचविलें.

येथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते; दुसरी तितकी ठाऊक नसते. अकोला जिल्ह्यांतील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर १९५६ पासून मराठीच्या खालीं उर्दूंतही नांव लिहिलेलें होतें. तें काढून टाकावें म्हणून तक्रार झाली. १५ एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती अमान्य केली. मराठी असलीच पाहिजे, ह्याचा अर्थ दुसरी भाषा नसलीच पाहिजे असा होत नाहीं. आणि भाषा ही कोणा एका धर्माची मालमत्ता नसून ती बोलणाऱ्या लोकांची असते, असें न्यायालयानें स्पष्ट केलें. एका भाषेला अग्रस्थान देणें निराळें आणि दुसरीला हांकून देणें निराळें. आमच्या मतें सर्व वादाचें मर्म ह्या एका भेदांत आहे.

हा भेद आपणांस पटत नसेल, तर क्षणभर बेळगांवच्या मराठी दुकानदाराच्या जागीं उभें राहून पाहावें. कर्नाटकानें २०२४ सालीं कायदा करून दुकानाच्या पाटीचा साठ टक्के भाग कन्नड भाषेला दिला. तेथील आपल्या बांधवांना उरलेल्या जागेंत मराठी लिहितां येते, ही सवलत आपणांस किती मोलाची वाटते! तर मग तेंच माप आपल्या गांवांतील परभाषी दुकानदारालाही लाविलें पाहिजे. कानडा देशाच्या क्युबेक प्रांतानें १९७७ सालीं पाट्यांवर केवळ फ्रेंच भाषा ठेवण्याचा कायदा केला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८८ मध्यें तो अमान्य केला. मात्र फ्रेंच अक्षरें ठळक असावींत, असें म्हणण्यास हरकत नाहीं, असें सांगितलें. तेथील न्यायाधीशही अखेर ह्याच वाटेवर आले.

आणि ही वाट आपल्या जुन्नर तालुक्याला नवी नाहीं. जुन्नरच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें एक लेणें आणि पाण्याचें टाकें दिल्याची नोंद तेथें आहे. बांबूचें काम करणारे आणि कांसार यांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. त्यांतच इरिल, चिट व चंद अशीं यवनांचीं, म्हणजे परदेशांतून आलेल्या लोकांचीं, नांवें कोरलेलीं आहेत. त्यांनीं आपलीं नांवें टाकून दिलीं नाहींत, आपण यवन आहों हेंही लपविलें नाहीं. पण लेख कोरविला तो येथील प्राकृत भाषेंत आणि ब्राह्मी लिपींत. गांवाचा मान राखल्यानें त्यांची ओळख पुसली गेली नाहीं. उलट ती आजवर टिकली.

कायदा अक्षरें मोजूं शकतो, भाषा जगवूं शकत नाहीं. 'फर्टिलायझर्स' हा शब्द देवनागरींत रंगविला म्हणजे नियम कदाचित् पाळला जाईल. पण 'खतें' लिहिल्यानेंच तो शेतकऱ्याच्या उपयोगीं पडेल. ज्यांच्या घरचीं दुकानें आहेत, त्या विद्यार्थ्यांनीं आपल्या पाटीवरील मराठी शुद्ध व समजण्याजोगी आहे कीं नाहीं, हें वडिलांना अवश्य दाखवून द्यावें. जेथें पाटी मराठींत नाहीं, तेथें दाद मागण्यास सरकारी अधिकारी आहेत. दगड मारून किंवा काळें फांसून मराठीची प्रतिष्ठा वाढत नाहीं, गांवाची मात्र कमी होते. पाटी दोन भाषांत असली तरी चालेल. पण आपल्या भाषेला पहिलें आणि पाहुण्याच्या भाषेला शेजारचें स्थान देणारें गांवच खरें सुसंस्कृत होय.