जुन्या इमारतीला कोणता विभाग सोसेल?

विद्यापीठातली जुनी इमारत एखाद्या विज्ञान विभागाला द्यायची ठरली की चर्चा रंग, फरशी आणि फर्निचरभोवती घुटमळते. खरी अडचण हवेची असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणारी कपाटे, तोंडाशी सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने हवा खेचतात. तोंड दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर उघडे धरले, तर एकच हूड तासाला १३५० घनमीटर हवा बाहेर टाकतो. चार मोठ्या वर्गखोल्या त्यात रिकाम्या व्हाव्यात! ही हवा पुन्हा आत फिरवता येत नाही. तेवढीच ताजी हवा थंड किंवा गरम करून घ्यावी लागते आणि तिचे जाडजूड डक्ट छताखालून न्यावे लागतात. भिंती पाडता येतात, वायरिंग बदलता येते. दोन स्लॅबमधले अंतर मात्र बांधणाऱ्याने ठरवले तेच राहते. म्हणून आधी इमारत तपासावी, मग विभाग ठरवावा.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा क्लाइन टॉवर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. फिलिप जॉन्सन यांनी रचलेला हा मनोरा १९६६ मध्ये जीवशास्त्रासाठी उभा राहिला. २०१९ मध्ये त्या विषयाला शेजारी नवी इमारत मिळाली. मनोरा नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये उघडला तो गणित, संख्याशास्त्र आणि खगोलशास्त्रासाठी. या मंडळींना लागतो फळा, संगणक, शांत खोली आणि वाद घालायला मोकळी जागा. ते कोणत्याही जुन्या सांगाड्यात बसते.

यावर कोणी म्हणेल, प्रयोगवाल्यांना नवे घर आणि गणितवाल्यांना उतरलेले कपडे, हा कुठला न्याय? पण कपडे अंगाला बसत असतील तर तक्रार उरत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: जुन्या भिंतीत ॲस्बेस्टॉस निघते, अंदाजपत्रक फुगते, त्यापेक्षा पाडून नवे बांधावे. कधीकधी हे खरेही ठरते. मात्र इमारतीतले बरेचसे सिमेंट आणि पोलाद सांगाड्यात गुंतलेले असते. तो वाचला तरच नूतनीकरणाला अर्थ. जागोजागी स्लॅब कापून तिथे रसायनशास्त्र कोंबले, तर ती बचत आपणच उधळली.

उद्या गरजा बदलल्या तर? तळापासून गच्चीपर्यंत एक शाफ्ट रिकामा ठेवावा. लेखा विभागाला ती जागा वाया गेलेली दिसेल, पण नंतर डक्ट न्यायला दुसरी वाट सापडत नाही.