चिखलात पिकअप घालायची का? डिझेलच्या ताकदीवर विसंबण्याआधी हे वाचा

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की मोबाईलवर एक ठरावीक व्हिडिओ फिरायला लागतो. परदेशातली उंचच उंच पिकअप, माणसाच्या छातीला लागतील एवढे टायर, समोर चिखलाचा खड्डा. ड्रायव्हर पाय दाबतो आणि गाडी राबडीचे फवारे उडवत पलीकडे निघते. व्हिडिओ संपतो आणि नजर दारातल्या गाडीवर जाते. तीही पिकअप, तीही डिझेल. मग ओढ्याकाठच्या पडीक रानात एकदा घालून बघायला काय हरकत आहे?

हरकत आहे. मजेसाठी किंवा रीलसाठी कामाची डिझेल पिकअप चिखलात घालू नये. शेतातून माल काढायला घालावी लागलीच, तर तीही जमिनीला वाफसा आहे का हे बघूनच. पण नुसतं ‘घालू नका’ म्हणून कुणाचं समाधान होत नाही. ‘डिझेल गाडीला काय होतंय’ हा समज अर्धा खरा आहे, आणि गाडी गोत्यात येते ती त्या उरलेल्या अर्ध्यामुळं.

व्हिडिओतली गाडी वेगळी असते

अमेरिका आणि कॅनडात या खेळाला ‘मड बॉगिंग’ म्हणतात. मुद्दाम चिखलाचा खड्डा तयार करायचा, त्यात गाडी सोडायची आणि ती किती लांब जाते ते मोजायचं. पलीकडे पोचणाऱ्या गाड्या जास्त असतील तर वेळ मोजायची. या गाड्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या असतात. टायर ट्रॅक्टरसारखे खोल नक्षीचे, बॉडी उचललेली, इंजिनाला हवा घेणारा पाइप उंचावर. बऱ्याच गाड्या फक्त खेळापुरत्याच असतात. त्या मैदानावर ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरूनच परत जातात. दुसऱ्या दिवशी त्यांना कुठं टोमॅटो पोचवायचे नसतात.

तिथंसुद्धा डिझेल न्यावी की पेट्रोल, हा वाद जुना आहे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जोरदार ओढतं, हे खरंच. पण ते जड असतं. अमेरिकेत पिकअपला बसणारं कमिन्सचं सहा सिलिंडरचं इंजिन एकट्यानं सुमारे 500 किलोचं. तिथलं जुनं पेट्रोल व्ही-8 इंजिन साधारण त्याच्या निम्म्या वजनाचं. हे सगळं ओझं पुढच्या चाकांवर येतं आणि गाडी नाक खुपसून बसते. दुसरी गोष्ट फेऱ्यांची. टायरच्या खाचांत भरलेला चिखल झटकायला चाक जोरात फिरावं लागतं. पेट्रोल इंजिन सहा हजार फेऱ्यांपर्यंत सहज जातं, मोठं डिझेल तीन-चार हजारांच्या आसपासच दम टाकतं. त्यामुळं खोल चिखलाच्या शर्यतीत बरेच जण हलकी पेट्रोल गाडी पसंत करतात.

चिखलाचा खेळ आपल्याकडेही होतो. गोव्यात पावसाळ्यात भरणारी ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा 2014 साली सुरू झाली. तिथं डिझेल जीपगाड्या उतरतात. पण त्या फोर बाय फोर असतात, गाडीलाच दोर गुंडाळणारं विंच असतं, आत लोखंडी पिंजरा असतो आणि छतापर्यंत नेलेला हवेचा पाइप असतो. शेजारी बसलेल्याचं कामच मुळी खाली उतरून दोर बांधायचं. बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या पिकअपला यातलं काहीही नसतं.

रिकामी घसरते, भरलेली रुतते

आपल्याकडच्या बहुतेक पिकअप फक्त मागच्या चाकांवर चालतात. इंजिन पुढं, हौदा मागं. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं, ती जागच्या जागी फिरतात. हौदा भरला की पकड येते, पण गाडी आणि माल मिळून तीन टनांच्या वर जातात आणि अरुंद टायर जमिनीत उतरतात. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

त्यात डिफरन्शियलची भर. वळणावर दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरावीत म्हणून ते बसवलेलं असतं. चिखलात मात्र ते उलटं वागतं. ज्या चाकाला पकड नाही तेच गरगर फिरतं, आणि कोरड्यावर असलेलं दुसरं चाक शांत उभं राहतं. अशा वेळी इंजिनाची ताकद कितीही असली तरी ती त्या फिरणाऱ्या चाकातूनच वाया जाते. रेस वाढवली की चाक स्वतःचाच खड्डा खोदतं. तोवर क्लचप्लेट जळाल्याचा वास यायला लागलेला असतो.

आपली काळी माती तर याबाबतीत कुणाला ऐकत नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ओली झाली की साबणासारखी होते. मुरमाड किंवा वाळूच्या जमिनीत टायरला खाली टणक काहीतरी लागतं. काळ्या रानात पहिल्या दहा फुटांतच टायरच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग नवा टायर आणि झिजलेला टायर यांत फरक उरत नाही.

बंद पडत नाही, पण पडली तर महागात पडते

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. त्यामुळं पेट्रोल गाडीसारखं प्लग किंवा कॉइल भिजून ते बंद पडत नाही. ‘डिझेल पाण्यातून निघते’ हा समज इथूनच आला.

पण डिझेल पेटतं ते हवा दाबून. पिस्टन हवेला साधारण 16 ते 18 पट दाबतो, त्या उष्णतेनं डिझेल पेट घेतं. आता खड्ड्यातलं पाणी उसळून एअर फिल्टरमधून आत गेलं, तर पिस्टन पाण्याला दाबायला जातो. हवा दबते, पाणी दबत नाही. डिझेल इंजिनात वर जागाही थोडीच असते, त्यामुळं थोडं पाणीही पुरतं. कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. हे काम हजारांत भागत नाही.

म्हणून पाण्यात किंवा राबडीत गाडी अचानक बंद पडली तर सर्वांत मोठी चूक म्हणजे पुन्हा सेल्फ मारणं. चावी काढावी, जमल्यास बॅटरीची वायर सोडवावी आणि एअर फिल्टर उघडून बघावा. फिल्टर ओला असेल तर गाडी ओढूनच मेकॅनिककडे न्यावी. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलणं हाही सेल्फ मारण्याचाच प्रकार. मेकॅनिक इंजेक्टर काढून आतलं पाणी बाहेर घालवतो, इंजिन वाचतं.

नव्या गाड्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. धुराच्या वाटेवर काजळीचा फिल्टर आला, जागोजागी सेन्सर आले. जुन्या डिझेलला पंप आणि दोन-चार वायरी असल्या की भागायचं. आता एका कनेक्टरमध्ये चिखल शिरला तरी मीटरवर दिवा लागतो आणि गाडी ओढ घेत नाही.

खरा खर्च पंधरा दिवसांनी दिसतो

चिखलातून गाडी बाहेर आली, धुतली, चकचकीत दिसली. ‘बघा, काय झालं?’ म्हणून सांगायलाही मोकळे. पण चिखल आत बसलेला असतो.

गाडी चालून मागचं डिफरन्शियल आणि चाकांचे हब गरम झालेले असतात. ते एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून, वरच्या छोट्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंगचं ग्रीस धुऊन निघतं. महिन्याभरानं मागून घरघर यायला लागते, तेव्हा त्या दिवसाचा चिखल कुणाच्या लक्षातही नसतो. ब्रेकच्या ड्रममध्ये बारीक रेती अडकते आणि लायनर खाते. डायनामो आणि सेल्फ यांच्यात गाळ वाळून बसतो. रेडिएटरच्या जाळीत चिखल थापला गेला की घाटात गाडी तापते. रिमच्या आत वाळलेला ढेकूळ राहिला तर हायवेला स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस उगाच अलाइनमेंटला पैसे घालतो.

रान ओलं असताना गाडी घातली तर नुकसान रानाचंही होतं. ओली माती दबली की तिच्यातल्या हवेच्या जागा मिटतात. त्या चाकोरीत पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. वरचा थर नांगरटीनं मोकळा होतो, पण नांगराच्या फाळाखाली दबलेला थर काही वर्षं तसाच राहू शकतो.

विमा कंपनी काय म्हणते

गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचण्या बसत नाहीत. पॉलिसीच्या कागदावर ‘वापराच्या मर्यादा’ असं कलम असतं, तिथं हे लिहिलेलं असतं. पाणी शिरलेलं इंजिन पुन्हा चालू करायला गेल्यामुळं मोडलं, तर साध्या पॉलिसीत ते मागाहून ओढवलेलं नुकसान धरून दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर असतं, ते घेतलंय का ते बघावं. मोठे टायर टाकून, गाडी उचलून घेण्याचा विचार असेल तर कायदा आडवा येतो. परवानगीशिवाय गाडीत असे बदल केले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी कर्जावर असेल तर हप्ता थांबत नाही, हे सांगायला नको.

माल काढायचाच असेल तर

टोमॅटो तोडून ठेवलेत, पाऊस थांबत नाही, व्यापाऱ्याचा फोन येतोय. अशा वेळी शहाणपणाच्या गोष्टी सुचत नाहीत. तरी शक्य असेल तर पिकअप पक्क्या रस्त्यावरच उभी करावी आणि माल ट्रॅक्टर-ट्रॉलीनं किंवा बैलगाडीनं बांधापर्यंत आणावा. दोनदा चढ-उतार होते, मजुरी थोडी जास्त जाते, पण गाडी फसून अर्धा दिवस गेला तर बाजारच चुकतो.

आत जावंच लागलं तर आधी पायी चालून बघावं. टाच किती रुतते त्यावरून कळतं. जाताना रिकामी गाडी शक्यतो उलटी न्यावी, म्हणजे भरल्यावर वळायची वेळ येत नाही. मात्र मागं कठडा नसलेली विहीर, शेततळं किंवा ओढ्याची दरड नाही ना, हे एका माणसाला खाली उभं करून बघावं. 2025 च्या एप्रिलमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजुरांचा ट्रॅक्टर विहिरीत कोसळून सात महिलांचा जीव गेला. ओल्या रानात ब्रेक दाबला तरी गाडी सरकतच राहते.

चाक फिरायला लागलं की लगेच रेस सोडावी. खाली पऱ्हाटी, तुराट्या, पाचट, जुनी पोती, काहीही घालावं, पण चाक गाडण्याआधी. जुने ड्रायव्हर अशा वेळी हँडब्रेक किंचित ओढून हळू रेस देतात. त्यानं फिरणारं चाक थोडं अडतं आणि दुसऱ्या चाकाला ओढ मिळते. रिकाम्या गाडीच्या मागच्या टायरची हवा थोडी कमी केली तर पकड वाढते. माल भरण्याआधी आणि रस्त्याला लागण्याआधी ती परत भरावीच लागते, नाहीतर टायर फुटतो.

ओढताना जीव जातो

गाडी फसली की पोरं जमतात, कुणीतरी ट्रॅक्टर आणतं. सर्वांत जास्त धोका इथं असतो, आणि व्हिडिओत नेमकं हेच दाखवत नाहीत.

दोर किंवा साखळी ताणात तुटली की चाबकासारखी परत येते. दोर जेवढा लांब, त्याच्या दीडपट अंतरापर्यंत कुणीही उभं राहू नये. मोबाईल घेऊन शूटिंग करणारा तर नकोच. दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाकावं, दोर तुटला तर तो खाली दाबला जातो. बांधायचं ते चासीच्या हुकाला. बंपरला किंवा पाट्यांना बांधलं तर तेच उखडून गोळीसारखं येतं.

ट्रॅक्टरला दोर नेहमी खालच्या ड्रॉबारला बांधावा. वर, टॉपलिंकच्या जागी बांधला आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो मागं उलटतो. सेकंद-दीड सेकंदात सगळं होतं, चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. झटके न देता सावकाश ओढावं. गाडीला मागून ढकलणारे त्या वेळी बाजूला हवेत.

गाडी बाहेर आली की त्याच दिवशी, चिखल ओला असतानाच, खालून धुऊन घ्यावी. वॉशिंगवाल्याला रेडिएटरवर आणि वायरींच्या जोडांवर जोराचा फवारा मारू देऊ नये. डांबरी रस्त्यावर चढण्याआधी टायरचा चिखल खरवडावा, कारण मागून येणारी दुचाकी त्याच ढेकळांवर घसरते. चालत्या गाडीचे ब्रेक दोन-चारदा हळू दाबून लायनर सुकवावेत. नंतर एअर फिल्टर उघडून बघावा, ग्रीसिंग करून घ्यावं आणि मेकॅनिककडून डिफरन्शियलचा बोल्ट सोडवून ऑइलचा रंग तपासून घ्यावा. चहासारखं दुधाळ दिसलं, तर ते बदलल्याशिवाय गाडी पुढच्या बाजाराला काढू नये.