वणव्याआधीचं काम

मेळघाटात वणव्याचा हंगाम सरकारी कागदावर 15 फेब्रुवारीला सुरू होतो आणि 15 जूनला संपतो. वनरक्षकाचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. थंडीत गवत वाळू लागलं, की रस्त्यांच्या कडेनं आणि कंपार्टमेंटच्या, म्हणजे वनखंडांच्या, सीमांवर जाळरेषा काढायला मजूर लागतात. पट्टा आखायचा, त्यातलं गवत-झुडूप कापून वाळू द्यायचं, मध्यावर ओढायचं आणि वारा पडलेला असताना, दोन्ही कडांना माणसं उभी करून जाळायचं. आग इथवर आलीच, तर तिला पुढे जळायला काही मिळू नये.

पण सागाच्या जंगलात हे काम एकदा करून भागत नाही. सागाची ताटाएवढी कडक पानं नंतरही गळत राहतात आणि झाडलेली रेषा पुन्हा भरते. म्हणून पाठीवर ब्लोअर घेतलेला मजूर पुढे आणि वनरक्षक मॅडम मागे, अशी फेरी चालते. मी त्यांच्याबरोबर चाललो, तेव्हा त्या थांबून थांबून दगडांच्या फटी तपासत होत्या. वरची पानं उडाली तरी फटीत बारीक पाला उरतो आणि आग त्यातूनच सरपटत पलीकडे जाते. उतारावर तर जळता ओंडका घरंगळत रेषा ओलांडतो. म्हणून पडलेली वाळकी खोडंही आधीच लांब ओढावी लागतात.

एवढं करूनही आग लागली, तर आता उपग्रह सांगतो. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून आगीचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर येतात. मात्र उपग्रहाचा एक ठिपका जमिनीवर सुमारे 375 मीटरचा असतो. त्यात आग नेमकी कुठे, हे पायीच शोधावं लागतं. पोचल्यावर हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपायच्या. आग मोठी असेल तर तिच्या वाटेवर पट्टा झाडून उलटी आग लावायची. दोन्ही आगी समोरासमोर येतात आणि मधलं जळण संपलं की विझतात. वाऱ्याचा अंदाज चुकला, तर आपणच लावलेली आग अंगावर येते. असा निर्णय घेताना आपण आधी गावातल्या जुन्या फायर वॉचरला विचारतो, असं मॅडमनी सांगितलं. कोणत्या दरीतला वारा दुपारनंतर कुठे वळतो, हे त्याला ठाऊक असतं.

जमिनीलगतची आग मोठी झाडं सहसा मारत नाही. ती नवी रोपं मारते आणि रातव्यासारख्या उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची वीण उधळते. पाल्याचं पांघरूण गेलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते.

यातल्या बऱ्याच आगींची सुरुवात मोहाखाली होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. वाळक्या पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करायची जुनी रीत आहे. ती आग नीट विझली नाही, की रानात शिरते. राखीव जंगलात आग लावणं 1927च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 नुसार गुन्हा आहे. वनरक्षकाला पीओआर, म्हणजे गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडता येतो. मॅडम मात्र आधी फुलं वेचणाऱ्यांच्या दारात गेल्या.

"मामी, यंदा पाला जाळू नका."

"जाळला नाही तर फूल दिसन कसं?"

"आमचा माणूस ब्लोअरनं साफ करून देईल. खाली जाळी पसरा. फुलाला राख-माती लागणार नाही."

मामी लगेच हो म्हणाली नाही. "तुमचा माणूस कवा येईन?" तिनं विचारलं. मॅडमनी वार सांगितला आणि तिच्यासमोरच वहीत लिहून घेतला.

वणव्याविरुद्धचं सगळ्यांत मोलाचं काम मला त्या दारात दिसलं. सांगितलेल्या वारी माणूस आला, तर त्या झाडाखाली काडी ओढली जाणार नाही. तो आला नाही, तर पुढच्या वर्षी मामी ऐकून घेणार नाही. कोणता मोह कोणत्या घराचा, कोण कुणाचं ऐकतं, हे कळायला काही उन्हाळे जावे लागतात. यंत्रं हवीतच. पण गावातले तेच फायर वॉचर दर वर्षी कामावर यावेत, त्यांची मजुरी वेळेवर हातात पडावी आणि वनरक्षकाला आपल्या बीटची, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीची, माणसं ओळखायला पुरेशी वर्षं मिळावीत, ही निकड ब्लोअरच्या खरेदीहून तसूभरही कमी नाही.