आधी आत्मविश्वास की आधी सोलो? जॅझ गिटारच्या निमित्तानं

'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांतला फरक गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये मांडला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच राइल यांचा १९७६ साली 'माइंड' या नियतकालिकात एक लेख आला, आणि त्याचा विषय होता इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी सुचून केलेली कृती. तेव्हा तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात जॅझ शिरला म्हणून कोणी दचकू नये.

आज आपण एकच माणूस डोळ्यांपुढे ठेवू. सतरा-अठरा वर्षांचा गिटारवादक. स्केल्स येतात, कॉर्ड येतात, घरी रेकॉर्डबरोबर झकास वाजवतो. बँडमध्ये सोलोची पाळी आली की मात्र हात गार पडतात. तो म्हणतो, "आधी आत्मविश्वास येऊ दे, मग घेईन सोलो."

आमचं म्हणणं असं, की या वाक्यातला क्रमच उलटा आहे. किथारा वाजवूनच माणूस किथारावादक होतो, हे ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात सांगून ठेवलंय. (आणि 'गिटार' हा शब्द त्याच किथारापासून अरबी, स्पॅनिश वळणं घेत आलेला, हे जाता जाता.) पण नुसतं 'वाजवत राहा, येईल' असं सांगणं म्हणजे शिक्षकाचा आळस झाला. वाजवायचं काय?

त्यासाठी भीती नीट तपासू. तिच्यात दोन भीती मिसळलेल्या असतात. लोक हसतील, ही एक. तिच्यावर व्याख्यान देऊन उपयोग नाही. दुसरी म्हणजे आपण हरवू, ही. आणि हिच्यावर अगदी रोकडा इलाज आहे.

ब्लूज घ्या. बारा बारचं चक्र, तेच पुन्हा पुन्हा फिरतं. आपल्याकडे तबल्याचं आवर्तन फिरतं, तसंच म्हणा. फरक इतकाच की इथे चक्राबरोबर कॉर्ड बदलत जातात, आणि सोलो घेणाऱ्याला आपण कितव्या बारमध्ये आहोत हे सतत कळावं लागतं. एफमधल्या ब्लूजमध्ये एफ सेव्हन या कॉर्डची ओळख ज्या दोन स्वरांवर ठरते ते ए आणि ई फ्लॅट. पुढची कॉर्ड बी फ्लॅट सेव्हन, तिचे दोन स्वर ए फ्लॅट आणि डी. म्हणजे बघा, दोन्ही स्वर एकेक फ्रेट खाली सरकले, बस! आठवडाभर या मुलानं चक्रावर फक्त असे दोन-दोन स्वर वाजवावेत. सोलो म्हणून ते कंटाळवाणं वाटेल. पण कॉर्ड बदलली हे आता त्याच्या बोटांनाही कळतं आणि कानालाही. तो हरवत नाही. लोक ज्याला आत्मविश्वास म्हणतात, त्याचा निम्मा भाग एवढाच असतो.

उरलेला निम्मा कुठून येतो? चार्ली पार्करची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १९३६च्या सुमारास, कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबमध्ये तो सोळा वर्षांचा पोरगा वाजवताना भरकटला आणि ड्रमर जो जोन्सनं झांज काढून जमिनीवर फेकली. ही गोष्ट अपमान आणि जिद्दीची म्हणून सांगतात. आम्हाला तिचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो एका बँडबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात गेला आणि तिथे लेस्टर यंगच्या रेकॉर्ड घोटत बसला. जिद्द पुष्कळांकडे असते हो. ती घोटाईत उतरावी लागते.

गिटारवर याचं उत्तम उदाहरण वेस मॉन्टगोमेरी. जन्म १९२३, इंडियानापोलिसचा. सहा तारांची गिटार त्यानं विसाव्या वर्षाच्या आसपास धरली, ती चार्ली क्रिश्चनची रेकॉर्ड ऐकून. नोटेशन वाचता येत नव्हतं. क्रिश्चनचे सोलो कानानं उचलले, स्वरन्‌स्वर पाठ केले, आणि क्लबमध्ये त्याला पहिलं काम मिळालं तेही तेच सोलो वाजवण्यासाठी. तेवढे वाजवून झाले की त्याचं काम संपायचं, कारण पुढचं अजून येत नव्हतं.

इथे आपल्यातले काहीजण नाक मुरडतील. ही तर नक्कल! पण भाषा शिकणारं मूल तरी काय करतं? आईची वाक्यं उचलतं, आणि एके दिवशी कोणीच न बोललेलं वाक्य बोलून जातं. वेसनं दिवसा कारखान्यात आणि रात्री क्लबमध्ये अशी वर्षं काढली. 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार' ध्वनिमुद्रित झाली जानेवारी १९६० मध्ये, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. तोवर त्याच्या सोलोला स्वतःची बांधणी आली होती. आधी एकेरी स्वर, मग ऑक्टेव्ह, मग भरगच्च कॉर्ड. पुढची पायरी कुठली हे ठाऊक असलेला माणूस पहिल्या पायरीवर घाई करत नाही.

गिटारची एक खास व्याधीही आहे. सॅक्सोफोनवाल्याला श्वास घ्यायला थांबावंच लागतं. गिटारवाल्याला नाही, म्हणून घाबरला की तो थांबतच नाही, बोटं ओळखीच्या आकारांवरून धावत सुटतात आणि कान मागे राहतो. उपाय जुनाच आहे. आधी गा, मग वाजवा. जॉर्ज बेन्सन तर दोन्ही एकदमच करतो. गाण्याइतकंच वाजवलं तर श्वासाच्या जागा आपोआप येतात. आणि जिम हॉल ऐकावा, थोडे स्वर घेऊन किती बोलता येतं ते कळतं.

राहिला चुकीचा स्वर. साठच्या दशकात युरोपातल्या एका मैफलीत 'सो व्हॉट' चालू असताना हर्बी हॅन्कॉकनं पियानोवर साफ चुकीची कॉर्ड वाजवली. ही हकीकत त्यानं स्वतःच अनेकदा सांगितलीय. माइल्स डेव्हिस क्षणभर थांबला आणि त्यानं असे स्वर वाजवले की ती कॉर्ड बरोबर ठरली. माइल्सनं ती चूक म्हणून ऐकलीच नाही, घडलेली एक गोष्ट म्हणून ऐकली, असं हर्बीचं म्हणणं. तत्त्वज्ञानाच्या भाषेत, स्वराचा अर्थ त्याच्या नंतरच्या स्वरानंही ठरतो.

आपला मुलगा माइल्स नाही, हे खरंच. पण त्याच्या सोयीची एक गोष्ट आहे. मेजर स्केलबाहेरचा कुठलाही स्वर घ्या, स्केलमधला स्वर त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका फ्रेटवर असतो. तेव्हा बोट चुकीच्या जागी पडलं तर दचकून उचलू नये. एक फ्रेट सरकवावं, वर किंवा खाली, आणि चक्र चालू ठेवावं.