ळ कुठे उमटतो?

दिल्लीशेजारच्या नोएडातल्या एका ऑफिसातून ताईंचा फोन आला. "दादा, मराठी येतच नाहीये. ळ मारला की एन उमटतो."

त्यांच्या टेबलावर थिन क्लायंट आहे. पोळ्यांच्या डब्याहून लहान, आत हार्ड डिस्क नाही, पंखासुद्धा नाही. ताईंना समोर दिसते ती विंडोज या डब्यात नसतेच. ती मुंबईतल्या सर्व्हरवर चालू असते. असे डबे जोडून देणं हे माझं रोजचं काम. तरीही या ळ चं मला अजून नवल वाटतं.

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ळ साठी शिफ्ट धरून एनची कळ दाबायची. आपल्याला वाटतं, ळ निघाला. पण डब्याला ळ ठाऊकच नाही. आरडीपी नावाच्या बोलीत तो एवढंच कळवतो : 42 नंबरची कळ खाली गेली, 49 नंबरची खाली गेली. मग 49 वर आली, 42 वर आली. 42 म्हणजे डावी शिफ्ट. अक्षर तिकडे, सर्व्हरवर जन्माला येतं.

आणि कोणतं अक्षर, हे ठरतं जोडणीच्या पहिल्या क्षणी. तेव्हा डबा कीबोर्डचा एक क्रमांक पाठवतो. मराठीचा 1102, हिंदीचा 1081, अमेरिकन इंग्रजीचा 1033. तेच बोट, तीच कळ. 1033 गेला असेल तर कॅपिटल एन, 1102 गेला असेल तर ळ. आपली अख्खी भाषा त्या चार आकड्यांत बसून जाते!

परतीचा प्रवास त्याहून सुंदर. सर्व्हर पडद्यावर ळ काढतो आणि चित्राचा बदललेला तेवढाच तुकडा धाडतो. बाकीचा पडदा जागच्या जागी राहतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. दिल्ली-मुंबईची वाट 1400 किलोमीटर धरली, तर जायला 7 मिलिसेकंद, यायला 7. वाटेतल्या यंत्रांचा वेळ मिळवला तरी सहसा पापणी लवायच्या आत ळ हजर.

बाकीच्या सेटिंग मोजक्याच. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (आरडीपीचा 3389, सिट्रिक्स कंपनीच्या आयसीए या बोलीचा 1494), पडद्याचं रिझोल्यूशन. ते चुकलं की जोडाक्षरं पुसट दिसतात. टाइम झोन ग्रिनिचचा राहिला, तर घड्याळ साडेपाच तास मागे. वाइझ कंपनीच्या जुन्या थिन ओएसचे डबे तर जागे होताच नेटवर्कला विचारायचे, "माझ्या सेटिंग कुठे आहेत?" नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या 161 क्रमांकाच्या पर्यायातून पत्ता मिळायचा आणि पन्नास कोरे डबे हात न लावता कामाला लागायचे.

दुसऱ्याच्या बुद्धीवर चालणारे असे डबे दिल्लीला नवे नाहीत. 1985 मध्ये रेल्वेचं आरक्षण इथे संगणकावर आलं, तेव्हाही खिडकीतल्या टर्मिनलला स्वतःची बुद्धी नव्हती. सगळा हिशेब आतल्या मोठ्या संगणकाचा.

ताईंच्या सेटिंगमध्ये 1033 होता. मी तो बदलून जोडणी पुन्हा करायला लावली. फोनवर कळांची टकटक ऐकू आली, मग क्षणभर काहीच नाही.

"आला," ताई म्हणाल्या. "जळगावचा ळ आला."